काचपट्टीवरचे निळे ठिपके

सोमवारी रक्ततपासणीच्या लॅबमधले काका कामावर आले नाहीत. मंगळवारी सकाळी तिथे काम करणाऱ्या स्वातीचा फोन आला. काका गेले, असं ती म्हणाली.

मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कप्प्यांत लावत होते. हातातलं पुस्तक जागेवर ठेवलं, पुढचं उचललं, आणि ते कुठे जायचं हे मला बराच वेळ आठवेना.

नाशिकला राहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्यांना पाहिलं असणार. रक्त तपासायला गेल्यावर काचेपलीकडे एक बुटका माणूस दिसायचा. केस पांढरे, मिशी मात्र हट्टाने काळी, चष्मा कपाळावर. नळीतलं रक्त यंत्रात फिरवून झालं, की खाली लाल गाळ बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. ती नळी काका आधी खिडकीशी नेत. उजेडात धरून, एक डोळा बारीक करून पाहत आणि म्हणत, "थांबा. आधी बघू, कोण कोणाशी भांडतंय."

हे ते सगळ्यांना म्हणत. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो काका, माझं नुसतं थायरॉइड आहे."

"मग तर घरातलंच भांडण, ताई," काका म्हणाले.

बाईंना वाटलं, काका त्यांच्या सासूबद्दल बोलतायत. त्या खूश होऊन हसल्या. काका आपले गंभीर. आपलीच संरक्षक पेशी आपल्याच ग्रंथीवर उठते, असा त्यांचा साधा अर्थ होता. तो समजावून सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही, कारण बाईंनी सासूची गोष्ट सुरू केली होती.

रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस हमखास विचारतो, "चांगला आहे ना?" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे. "छापलाय चांगला. आत काय आहे ते डॉक्टर सांगतील."

ते सुरगाण्याकडचे. तालुक्याच्या गावापासून जीपने पुढे, मग चालत, असं त्यांचं गाव. भात आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. घरात शिकलेले हे पहिलेच. डब्यात नागलीची भाकरी असायची. स्वाती वजन कमी करायच्या मागे लागली तेव्हा ती रोज त्यांच्याकडे अर्धी भाकरी मागू लागली. "आमच्या वेळी ही भाकरी डब्यात झाकून खायचो, काळी दिसते म्हणून," काका म्हणायचे, "आता हिच्यासाठी बायकोला दोन जास्त थापाव्या लागतात."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या भावामुळे. अवी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यापासून आम्ही दोघंच सिडकोत राहतो. तो अंबडला एका कारखान्यात लेथवर काम करतो. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला थकवा यायला लागला, मग अन्नाचा वास नकोसा झाला. एका सकाळी तो दाढी करताना आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, डोळे बघ गं जरा." डोळे हळदीसारखे पिवळे होते.

रक्ताच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तीन महिन्यांपूर्वी एका जत्रेत त्याने दंडावर आईचं नाव गोंदवून घेतलं होतं. सुईतून आला असेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझीही तपासणी करून मला लस दिली आणि सांगितलं, "मोठ्या माणसाच्या शरीरातून हा विषाणू बहुतेक वेळा आपोआप जातो. शरीरच त्याला घालवतं. आराम करायचा, लक्ष ठेवायचं."

शरीरच घालवतं, एवढं एक वाक्य मी घरी घेऊन आले. पुढचं सगळं त्या वाक्यावरून झालं.

मी पुस्तकांत वाढलेली बाई आहे. छापलेल्या शब्दावर माझा विश्वास लवकर बसतो. शरीरच लढणार असेल, तर शरीराला बळ द्यायला हवं. आमच्या कॉलनीत कोरोनापासून गुळवेलीला फार मान. कुंपणाजवळच्या कडुलिंबावर चढलेली वेल सगळ्यांची. मी ग्रंथालयातून वनौषधींची दोन पुस्तकं आणली. दोन्हींत लिहिलं होतं, प्रतिकारशक्ती वाढते. मग सकाळ-संध्याकाळ मी वेलीचे तुकडे ठेचून, उकळून, गाळून अवीला देऊ लागले. तो तोंड वाकडं करायचा. "ताई, रोगापेक्षा तुझा काढा कडू आहे."

"पी. सैन्याला रसद लागते," मी म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात त्याच्या कारखान्यातला दिंडोरीकडचा मित्र काविळीची माळ घेऊन आला. मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवलेली, डोक्यावर बसेल एवढीच. ती रोज थोडी लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ उतरते तशी कावीळ उतरते, असा समज. अवीची माळ छातीपर्यंत आली. कावीळ वाढतच होती.

दर तीन दिवसांनी रक्त द्यायला आम्ही लॅबमध्ये जायचो. काकांनी माळ पाहिली तेव्हा मी ओशाळून ती अवीच्या शर्टात सारू लागले. काका म्हणाले, "असू द्या, असू द्या. दिंडोरीकडची ना? गाठ तिकडची हाय." मग चष्मा डोळ्यांवर आणून त्यांनी एकेक गाठ पाहिली. "माझे वडील द्यायचे ही. तीस गावांतनं लोक यायचे आमच्या ओट्यावर."

अवीने विचारलं, "काका, ही लांबते कशी?"

"ओली मुळी फुगीर असते. वाळली की बारीक होते, गाठी सैल पडतात."

"म्हणजे कावीळ उतरत नाही?"

"मुळी वाळते. कावीळ तिची ती उतरते, बहुतेकांची." अवीचा चेहरा पडलेला पाहून ते म्हणाले, "काढू नको पण. झोप लागते ना घालून? मग राहू दे."

जाताना त्यांनी मला सहज विचारलं, "आणि पोटात काही देता का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले असं तेव्हा वाटलं नाही. माझ्या लेखी औषध म्हणजे दुकानातून आणलेलं. काढा म्हणजे घरचं. दवाखान्याच्या फॉर्मवर 'इतर औषधे' या रकान्यापुढे मी माझ्या नीट वळणदार अक्षरात 'नाहीत' असं लिहून दिलं होतं.

चौथा आठवडा संपला. अवी आता भिंतीला धरून चालायचा. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढू लागला होता, म्हणजे यकृत हरत चाललं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "रक्तातला विषाणू कमी होत चाललाय. तरी यकृताची सूज वाढतेय. हे मला जुळत नाही. यकृताचा बारीकसा तुकडा काढून बघू. आठवड्याभरात उतार पडला नाही, तर पुण्याला पाठवावं लागेल. यकृत बदलायची वेळ येऊ शकते."

मी म्हणाले, "माझं घ्या."

"आधी तुकडा बघू," ते म्हणाले.

तुकडा म्हणजे शेवयीच्या तुकड्याएवढा. तो काकांच्या हातात गेला. मांसाचा तुकडा मेणात बसवतात आणि त्याच्या चकत्या कापतात, इतक्या पातळ की कोमट पाण्यावर त्या सायीसारख्या तरंगतात. काका त्या ब्रशने अलगद काचेच्या पट्टीवर घेत. मग रंग देत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिपोर्ट विचारायला गेले, तेव्हा पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली होती. लॅबच्या डॉक्टरबाई फोनवर होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि काका मला म्हणाले, "या. तुम्ही वाचणाऱ्या आहात. हेही वाचा."

मी डोळा लावला. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. दिसलं एक गुलाबी शेत. गुलाबी चौकोन एकमेकांना लागून, ओळींत. आणि त्यांच्यामध्ये, ओळी मोडून, निळ्या ठिपक्यांची गर्दी. कुठे दोन-चार, कुठे थवेच्या थवे. मधूनमधून एखादा गुलाबी चौकोन आक्रसून गडद झालेला.

"हे निळे म्हणजे विषाणू?" मी विचारलं.

"विषाणू यात दिसत नाही. लई बारीक असतो तो. निळे आपलेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. पहारेकरी."

"मग हे आक्रसलेले कोणी मारले?"

"त्यांनीच."

मी डोळा काढला नाही. काका शेजारी उभे राहून हळू आवाजात बोलत होते. "आमच्याकडं भातात रानडुकरं शिरतात. डुक्कर खाऊन खाऊन खातं किती? चार मुठी. पण शेतमालक काठी घेऊन धावतो, त्याच्यामागं भाऊबंद. हे दहा जण ओळखीचे, त्यांना डुक्कर कुठं बसलंय ते माहीत असतं. ते ओरडतात. ओरडा ऐकून गाव येतं. त्या चाळीस जणांना डुक्कर कुठं ते माहीत नाय, फक्त आवाज माहीत. ते शेतातनं सैरावैरा पळतात. सकाळी बघावं तर डुक्कर गेलेलं असतं आणि भात आपल्या पायांखाली झोपलेला."

"विषाणू पेशीला मारत नाही?"

"हा हिपॅटायटिस बी तर फारसा नाय. पेशीत बसून राहतो, भाडेकरूसारखा. पहारेकरी त्याला हुडकतात आणि पेशीसकट मारतात. तेवढं करावंच लागतं, त्याशिवाय तो जात नाय. पण मग गर्दी पांगायला पाहिजे. तुमच्या भावाची गर्दी पांगत नाय. डुक्कर पळालं तरी माणसं शेतात."

मी सरळ झाले. खुर्चीची पाठ धरली.

"काका, यांना बळ मिळावं म्हणून मी रोज काढा देते."

"कसला?"

"गुळवेलीचा. दोन वेळा. महिनाभर झाला."

मी ओरडा खायची तयारी केली होती. काका रागावले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "वडलांकडं येणारे लोक दवाखान्यात घेतलेलं इंजेक्शन लपवायचे. इथं येणारे घरची मुळी लपवतात. चाळीस वर्षं दोन्हीकडचं लपवणं बघतोय, मॅडम. पण आत्ता उठा. डॉक्टरबाईंना सांगा. मी नाय सांगणार, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी फोन ठेवला आणि पुन्हा पट्टीकडे वळल्या. त्या गर्दीत काही जातीच्या पेशी इतक्या होत्या, की नुसत्या विषाणूच्या काविळीत तेवढ्या दिसत नाहीत, त्यामुळे औषधाचं काही आहे का हे विचारायलाच त्या अवीच्या डॉक्टरांशी बोलत होत्या. आणि डॉक्टर त्यांना माझा फॉर्म वाचून दाखवत होते. इतर औषधे, नाहीत.

"काढ्यानेच झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गुळवेलीने काही जणांच्या पहारेकरी पेशी जास्त चेकाळतात, असं आम्ही पाहतो. आजपासून बंद. एक घोटही नाही."

घरी जाऊन मी पातेलं घासलं आणि अवीला सगळं सांगितलं. तो पलंगावर डोळे मिटून पडला होता. त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "म्हणजे उद्यापासून काढा नाही?"

"नाही."

"चला," तो म्हणाला, "आजार वसूल झाला."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढचे आठ दिवस मी रजा घेतली. रोज सकाळी रक्ताची नळी घेऊन मीच लॅबमध्ये जायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून राहायचे. काका कामातून सवड काढून शेजारी येऊन बसायचे. त्या बाकावर त्यांनी मला त्यांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली.

भाऊ तिशीचा असताना त्याला कावीळ झाली. वडिलांनी माळ घातली, मुळी दिली, पथ्य सांगितलं. तेल नाही, हळद नाही. वडिलांच्या हातचे बहुतेक रोगी बरे होत, आणि जो होत नसे त्याने पथ्य मोडलं असं ठरे. भाऊ दोन महिन्यांत गेला. त्याच सुमारास गावात लग्न झालं होतं. वडील म्हणाले, पोराने लग्नात तळलेलं खाल्लं. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी मुलाचं नाव काढलं की शेवटी हेच म्हटलं. माझं ऐकलं असतं तर जगला असता.

"मी होतो त्याच्याजवळ," काका म्हणाले. "त्यानं लग्नात पाणी सुद्धा नव्हतं पिलं. मी सांगायचो. पण धाकट्याचं कोण ऐकतं?"

काका शिकून लॅबमध्ये लागल्यावर काही वर्षांनी वडील डोळे दाखवायला नाशिकला आले. काकांनी त्यांना लॅबमध्ये आणलं आणि कोणाच्या तरी यकृताची अशीच एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. म्हाताऱ्याचा एक डोळा चांगला होता. डुकरांची गोष्ट काकांनी पहिल्यांदा सांगितली ती त्यांना. वडील पुष्कळ वेळ बघत राहिले. मग डोळा न काढता त्यांनी विचारलं, "म्हंजी, पोरानं तेल नव्हतं खाल्लं?"

"नव्हतं, बाबा."

"आन् माझी मुळी?"

"मुळीनं काय बिघडलं नाय. ती त्याला पुरणारी नव्हती, एवढंच."

"बाबा खाली बसले," काका मला म्हणाले. "रडतील असं वाटलं मला. ते हसले. जीपमध्ये बसेपर्यंत मला म्हणत होते, पोरानं ऐकलं होतं माझं, ऐकलं होतं. त्यानंतर कोणी कावीळ घेऊन आलं की माळ घालायचे आणि सांगायचे, नाशकाला जा, माझ्या पोराकडं, रक्त दाखवून ये. बरेच आले."

सहाव्या दिवशी काका नळी घेऊन खिडकीशी गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे थांबले. आकडे यायच्या आधी ते कधी काही बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी स्वातीला हाक मारली. "तू बघ गं. मला बरं वाटावं म्हणून वरचं पिवळं पाणी मला फिकं दिसतंय का?"

स्वातीने पाहिलं. "फिकंच आहे, काका."

काविळीचा आकडाही उतरला होता, थोडासा. दोन दिवसांनी आणखी उतरला, मग भराभर. रक्त गोठायचा वेळ मागे आला. पुण्याचं कोणी बोलेना. एका सकाळी अवीने उपमा मागितला आणि वर म्हणाला, "शेंगदाणे टाक." मी तव्याशी उभी राहून ते दाणे भाजत होते, तेव्हा माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्याचं मला खरोखरच शरीरात कळलं.

सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. विषाणू गेला होता. मी पेढे घेऊन गेले. काकांनी एक पेढा घेतला, अर्धा स्वातीला दिला, कारण तिचं वजन पुन्हा वाढलं होतं, आणि तिला त्यावरून चार शब्द ऐकवले. ती आत गेल्यावर मला म्हणाले, "तुमचं सुटलं, मॅडम. माझं नाय सुटलं."

तेव्हा मला कळलं, की तोच विषाणू त्यांच्याही अंगात होता. आईकडून आला असणार, जन्मतःच. लॅबचं शिक्षण घेताना मुलांनी एकमेकांची रक्तं तपासली, तेव्हा निघाला. "एवढ्या लहानपणी आला तर पहारेकऱ्यांना तो घरचाच वाटतो. वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. मग कधीतरी एकदम जाग येते. भावाचे पहारेकरी तिशीत जागे झाले. माझे जरा उशिरा झाले, तोवर गोळी आलेली होती." रोज एक गोळी, दर सहा महिन्यांनी तपासणी. बायकोला लस, मुलांना जन्मल्या दिवशीच लस. मुलं स्वच्छ होती. हे सांगताना त्यांचा आवाज परीक्षेचा निकाल सांगणाऱ्यासारखा झाला.

"तुम्हाला भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटायची. आता स्वतःची नळी बघायचा कंटाळा येतो."

त्यानंतर मी अधूनमधून लॅबमध्ये जात राहिले, काम नसताना. त्यांना वाचायला पुस्तकं द्यायचे. ती ते वेळेवर परत करत, आत रंगाचा एखादा निळा डाग पाडून.

स्वातीचा फोन आला त्या दिवशी मी दुपारी लॅबमध्ये गेले. रविवारी काका गावी गेले होते. जेवले, ओट्यावर आडवे झाले, उठले नाहीत. हृदय बंद पडलं. मी डॉक्टरबाईंना एकच गोष्ट विचारली, आणि विचारताना मला माझीच लाज वाटली. त्यांना तो प्रश्न विचित्र वाटला नाही. "यकृत उत्तम होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यातच तपासलं होतं. विषाणू दबलेला, सूज नाही." मग त्यांनी डोळे पुसले. आम्ही दोघी थोडं हसलोसुद्धा. ज्या दुखण्यासाठी त्यांनी इतकी वर्षं रोज गोळी घेतली, ते त्यांना घेऊन गेलं नव्हतं. भावाला झालं तसं त्यांना झालं नव्हतं. मला दुःख झालं, अजून होतं. पण त्या दुःखाच्या तळाशी सुटल्यासारखं वाटलं, ते मी लपवत नाही.

त्यांच्या जागी आता एक तरुण मुलगा आला आहे. काम चांगलं करतो, बोलत नाही.

अवी पहिल्या पाळीला अंबडला जातो. डोळे पांढरे आहेत. रक्तात विषाणू नाही. पण त्या विषाणूला ओळखणाऱ्या पहारेकरी पेशी आहेत, आणि त्या आयुष्यभर राहतील, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.